कोंबड्यांच्या पायाखाली काय घालावं

माणूस साठीत शहाणा होतो म्हणतात. मी साठीत निवृत्त झाले, एवढं मात्र खरं. शहाणपणाचं काय ते पुढे चार कोंबड्यांनी बघून घेतलं. आता सहासष्टी उलटल्यावर त्या साठ वर्षांच्या पोरीकडे बघते, तेव्हा तिचा कान धरून तिला खाली बसवावंसं वाटतं. पण ती बसली नसती. विम्याच्या हापिसात पस्तीस वर्षं फायली लावून हेडक्लार्क म्हणून बाहेर पडलेली बाई ती. जगातली कुठलीही अडचण नीट तक्ता आखला की सुटते, अशी तिची पक्की समजूत.

आमचं घर परळला, जुन्या चाळीत, तळमजल्यावर. दोन खोल्या आणि मागच्या दाराबाहेर परस. परस म्हटल्यावर फार काही डोळ्यांसमोर आणू नका. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद, तिन्ही बाजूंना भिंत. त्यात एक तुळस, एक फुटका पिंप आणि आमच्या यांची चाकं नसलेली सायकल. वरच्या मजल्यांवर तेवढंही नाही, म्हणून आमचा तोरा बंगलेवाल्यांचा.

सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. मालवणकडे गावी एकट्या राहायच्या. त्या वर्षी विहिरीच्या पायरीवरून घसरल्या, हात प्लास्टरमध्ये गेला, आणि यांनी फोनवर हट्टच धरला.

"आये, आता एकट्यान रवा नको. हंय ये."

"येतंय," पलीकडून आवाज आला. "पन माज्यो कोंबयो येतल्यो."

यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हणाले, "या हो आई, कोंबड्यांना घेऊनच या. त्यांची व्यवस्था माझ्याकडे लागली. अगदी एक नंबर करते!"

हे मी प्रेमापोटी म्हटलं असं कुणाला वाटेल. तर तसं नाही. लग्न होऊन पहिल्यांदा गावी गेले तेव्हा खळ्यात एक कोंबडी पंख पसरून माझ्या अंगावर आली होती, आणि मी शालूसकट पळत जाऊन माजघरात दार लावून बसले होते. दादरची मुलगी, एमए झालेली. सासूबाईंनी ती गोष्ट पस्तीस वर्षं पुरवून पुरवून वापरली. कुणी माझं शिक्षण काढलं की त्या फक्त म्हणायच्या, "शिकलेली हा खरी, पन कोंबयेक भियाता." मला हिशोब चुकता करायचा होता. कोंबड्यांची अशी काही सोय करायची, की म्हातारीने तोंडात बोट घालावं.

मी वही काढली. डाव्या बाजूला जमिनीवर घालायच्या वस्तूंची नावं, वर रकाने: स्वच्छता, टिकाऊपणा, शोभा. होय, शोभा! तेव्हा नात मला फोनवर परदेशी बायकांचे व्हिडिओ लावून द्यायची. त्यांच्या कोंबड्यांच्या घरांना पडदे असत आणि दारावर फुलांची माळ. ते बघून माझं डोकं फिरलं होतं. कोंबडीला काय आवडतं, हा रकाना त्या वहीत नव्हता. हापिसातही आम्ही कधी विमा उतरवलेल्या माणसाला काय आवडतं ते विचारलं नव्हतं.

स्वच्छतेला दहापैकी दहा मिळाले म्हणून मी लादी निवडली. अख्ख्या परसात पांढरी शुभ्र लादी बसवून घेतली, कोपऱ्यात पाणी जायला जाळी, वर फिनाइलचा हात. हे म्हणाले, "अगं, कोंबड्या येणार आहेत की दंतवैद्य?" मी ढुंकूनही बघितलं नाही.

सासूबाई आल्या. गळ्यात अडकवलेला हात, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि मागून हे डोक्यावर टोपली घेऊन. टोपलीतून चार कोंबड्या काढल्या, दोन तांबड्या, एक काळी, एक कबरी, आणि त्यांच्या पायांचे दोरे सोडून त्यांना लादीवर ठेवलं. काळी दोन पावलं चालली आणि तिचे पाय फाकले. नव्या सुनेने साबणाच्या मोरीत पाऊल टाकावं, तशी ती घसरत जाऊन जाळीपाशी थांबली. मग बाकीच्या तिघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

सासूबाईंनी लादीकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बरा हा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी ते कौतुक समजले! पस्तीस वर्षं त्या बाईची सून असून मला कळलं नव्हतं, की त्यांच्या "बरा हा"मध्ये बरं कधीच काही नसतं.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. लादीवर पडलेलं काही मुरत नाही, ते तिथेच पसरतं; आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं की ओल कायम. कोंबड्या पाय उचलून उचलून उभ्या राहत. मी वही उघडली, लादीवर काट मारली आणि दुसऱ्या नंबरवर गेले: हिरवळ. खरी नाही. चाळीच्या गणपतीच्या मांडवातला प्लॅस्टिकच्या गवताचा गालिचा जिन्याखाली गुंडाळून ठेवलेला होता. तो मंडळाकडून मागून आणला, लादीवर अंथरला. शोभेला दहापैकी दहा! मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तास-दीड तासात तांबडीने एक हिरवं पातं उपटून गिळलं, तिचं बघून बाकीच्यांनीही. घाबरून मी गालिचा ओढून काढला, मोरीत नेला आणि कपडे धुवायच्या ब्रशने घासत बसले. गवताला साबण लावणारी बाई परळमध्ये मी पहिलीच असेन. मागच्या दारातून सासूबाई बघत होत्या.

"बरा हा," म्हणाल्या.

त्यानंतर लाकडाचा भुसा. फर्निचरवाल्याकडून दोन पिशव्या आणल्या. तो प्लायवूडचा, पिठासारखा बारीक, वास डिंकाचा. कोंबड्यांचे डोळे पाणावले. दोन दिवसांत तोही उचलला. एव्हाना दीड महिना झाला होता. सासूबाईंचा हात प्लास्टरमधून मोकळा झाला होता, पण त्या गप्प गप्प असत. सकाळी उठून मागच्या दारात पाट टाकून बसायच्या, कोंबड्यांकडे बघायच्या, जेवण चिवडायच्या. कपडे अजून त्याच कापडी पिशवीत. मी दोनदा म्हटलं, "आई, कपाटात लावून देते." तर म्हणायच्या, "रवांदे गो." आमच्या यांनी मला हळूच सांगितलं, "तिला इथे करमत नाहीये. तिचा जीव त्या कोंबड्यांत आहे, आणि कोंबड्यांना इथे उभं राहायला जागा नाही. अशीच राहिली तर ही परत गावी जाईल. आणि या वयात तिथे एकटी राहिली तर..."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. म्हातारीला दिपवायची हौस होती ती कुठे गेली कळलं नाही. ती जाऊ नये एवढंच वाटायला लागलं. पण स्वभाव! भीती वाटली म्हणून मी कुणाला विचारायला गेले का? छे. मी वहीत नवा रकाना आखला: शोषकता.

आणि तिथे मला सुचलं बारदान. तागाची गोणी. नैसर्गिक, जाड, पाणी शोषणारी, पाय न घसरणारी. सगळ्या रकान्यांत पास. मार्चचा महिना होता, लालबागला मसाल्याच्या गल्लीत वर्षाचा मसाला कुटायला मी दरवर्षीप्रमाणे गेले होते. डंकासमोर रांगेत बसल्या बसल्या बघते तर दुकानाच्या मागे रिकाम्या गोणींचा ढीग. मिरच्यांच्या. मी विचारलं, "या देणार का हो? कोंबड्यांखाली अंथरायला."

दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा गोणींकडे बघितलं. "घेऊन जा मावशी. पण नीट झटकून घ्या हां. चार वेळा झटका."

"अहो, माहीत आहे मला," मी म्हटलं. पस्तीस वर्षं मसाला करणाऱ्या बाईला हा मिरची शिकवतो! दोन गोण्या झटकल्या, शिंका आल्या, बाकीच्या तशाच बांधल्या. शिवाय मनात आणखी एक हुशारी: मिरचीचा अंश राहिला तर बरंच, किडे-मुंग्या येणार नाहीत. एका दगडात दोन पक्षी. पक्ष्यांचाच प्रश्न होता म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ गोण्या परसभर अंथरल्या. खरं सांगते, कोंबड्या खूष झाल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या नखांना काहीतरी पकडायला मिळालं. चौघी जणी अशा काही उकरायला लागल्या की बघत राहावं. तागाचे धागे उडाले, आणि धाग्यांमागून लाल धूळ उठली. परसाला तिन्ही बाजूंनी भिंत, वारा जाणार कुठे? सरळ वर. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, दुसऱ्या, तिसऱ्या.

आता ते दिवस आठवा. मास्कचे दिवस. पहिली लाट ओसरलेली, दुसरीची कुजबुज सुरू झालेली. शिंक म्हणजे गुन्हा. कुणी शिंकलं की जिन्यावरची माणसं पाठ फिरवून पळायची. आणि अशा दिवसांत, सकाळी साडेनऊला, आमची चाळ शिंकायला लागली. आधी आमच्या वरची खोली. मग तिच्या शेजारची. मग ठसके. पोरं रडायला लागली, कुणाचे डोळे, कुणाचा घसा. कुणीतरी ओरडलं, "सगळे आपापल्या घरात जा! दारं लावा!" कुणी म्हणे पालिकेला कळवा. चाळीचे सेक्रेटरी दोन मास्क लावून, डोळे पुसत खाली उतरले.

"वहिनी! तुमच्याकडे कोणाला ताप आहे का?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि सात वेळा शिंकले.

कोंबड्यांना काही नाही. शांतपणे उकरतायत. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, हे नातीने मागाहून फोनवर वाचून दाखवलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, त्यामुळे मला वाटलं, या गावच्या कोंबड्या आहेत, यांना सवय असेल.

सेक्रेटरींनी परसात डोकावून बघितलं. लाल गोण्या, लाल धूळ. त्यांना उमगायला एक मिनिट लागलं. मग ते जे बोलले त्यातलं निम्मं शिंकांत गेलं, उरलं ते एवढं: "रविवारी सकाळपर्यंत या कोंबड्या चाळीत दिसता कामा नयेत. आधी वास, आता हे! मला लोकांना उत्तर द्यायचंय वहिनी. तुम्ही शिकलेल्या ना?"

आणि माझ्या मागे कुणीतरी हसलं. सासूबाई. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी, अंग गदगदतंय. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा. मिरचीने की माझ्याने, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पण दुपारी त्यांनी यांना बोलावलं. "झिला, शनवारचा तिकीट काड. कोंबयो गेल्यो तर मी पन गेलंय."

यांनी तिकीट काढलं. शनिवार संध्याकाळची बस, आमच्या नाक्यावरूनच सुटणारी. ते खिशात ठेवून हे जेवायला बसले आणि भाताला हात न लावता उठले.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन परसाच्या दारात बसले. पानं उलटली. आखायला एकही रकाना उरला नव्हता. सासूबाई शेजारी पाटावर तांदूळ निवडत होत्या. मी वही मिटली आणि म्हटलं, "आई, तुम्हीच सांगा. काय घालू खाली?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आता इचारतंस?"

"चुकलंच माझं. पण तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? दोन महिने नुसतं बरा हा, बरा हा!"

"तुजा शिक्षान संपाची वाट बघी होतंय," त्या म्हणाल्या. मग तांदळातला खडा लांब टाकत, "घर तुजा, परडा तुजा. पावण्यान बोलाचा नसता."

पाहुणी! मी त्यांच्यासाठी लादी घातली, गवत धुतलं, अख्खी चाळ शिंकायला लावली. आणि दोन महिने त्या माझ्या घरात पाहुण्यासारख्या बसून होत्या, कारण इथे त्यांना काय येतं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. मी नाक ओढलं. मिरचीचा बहाणा होताच.

"आधी ती लादी काड," त्यांनी हुकूम सोडला. "कोंबयेक माती व्हयी. उकराक गावला काय ती बरी रवता."

बुधवारी सकाळी मी हातोडा घेतला. हे म्हणाले, "गवंड्याला बोलावतो." मी म्हटलं, "मी घातलीय, मीच काढणार." पहिल्या तीन घावांत लादीला काही झालं नाही, माझ्या कमरेला झालं. मग गवंड्याला बोलावलं. लादीखालून काळी, ओलसर माती निघाली. सासूबाईंनी चिमूटभर घेऊन बोटांत चुरली, नाकाशी नेली. यावेळी "बरा हा" म्हणाल्या नाहीत. "माती हा," म्हणाल्या.

दिवसभर माती उन्हात मोकळी ठेवली. पाणी निचरावं म्हणून पलीकडच्या बांधकामावरून चार बादल्या रेती आणून तीत मिसळली. मग पातेरो. पातेरो म्हणजे झाडाचा वाळका पाला. कोकणात खुराड्यात तोच घालतात. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर बदामाची, पावसाळी शिरीषाची पानं ढिगांनी पडायची. सकाळी झाडू मारणाऱ्या बाईकडे मी पोतं घेऊन गेले.

"अय्या ताई," ती म्हणाली, "सगळे पाला उचलला नाही म्हणून बोंब मारतात. तुम्ही मागून नेताय?"

पहिलं पोतं सासूबाईंनी परत पाठवलं. "ओलो हा गो. हातात धरलंस काय चुरचुराक व्हयो." मी पुन्हा गेले. साठ वर्षांची निवृत्त हेडक्लार्क, फुटपाथवर उकिडवी बसून एकेक मूठ पाला कानाशी नेऊन चुरते आहे. ओळखीचे लोक रस्ता ओलांडून जात होते. कोपऱ्यात अंग घोळवायला राख हवी म्हणाल्या. परळला चूल कुठली? पाववाल्याच्या बेकरीची भट्टी लाकडावर चालायची, तिथून एक डबा राख आणली. अंडी घालायच्या खोक्यात पेंढा पाहिजे. तो शेजारणीकडे गावाहून नुकत्याच आलेल्या आंब्याच्या पेटीतून काढला. बदल्यात तिने दोन दिवस मला खोकून दाखवलं.

सकाळ-संध्याकाळ सासूबाई काठीच्या टोकाने पाला वरखाली करून घ्यायच्या. माझ्याकडून, अर्थातच. "थंय नाय, हंय. खाली सून वर काड. अशी कशी गो तू?" पस्तीस वर्षांत इतकं त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आणि जेवत होत्या. मी बघत होते.

शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरी तपासणीला आले. मास्क खाली केला, चारही कोपऱ्यांत जाऊन वाकून वास घेतला. कोंबड्या चुर्र चुर्र करत पाल्यातून फिरत होत्या.

"वास नाही वहिनी," ते म्हणाले, आणि जरा हिरमुसलेच. "उलट बेकरीसारखा येतोय."

"झिला," सासूबाई म्हणाल्या, "अंडा व्हया काय?"

"नको, नको आजी," म्हणत त्यांनी दोन घेतली. "महिनाभर बघू. तक्रार आली तर मात्र माझा नाइलाज."

कोंबड्या राहिल्या. पण तिकिटाचं कुणी बोलेना. सासूबाईंनी पिशवी अजून रिकामी केली नव्हती. मी विचारलं आणि त्यांनी "जातंय" म्हटलं तर? म्हणून मी विचारत नव्हते. हे तिकीट खिशात घेऊन घरभर फिरत होते.

शनिवारी सकाळी मागच्या दारातून हाक आली. "गो, हंय ये!"

आम्ही दोघंही धावलो. काळी कोंबडी अंडी उबवायला बसावी तशी पेंढ्यात फुगून बसली होती. हात पुढे केला तर चोच मारायची, उठायला तयार नाही.

"खुडूक झाली," सासूबाई म्हणाल्या. "अंडी हाड."

मी आतून सहा अंडी आणली. त्यांनी एकेक करून ती काळीच्या पोटाखाली सरकवली, वर पाला नीट केला, आणि यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आता एकवीस दिस हिका सोडून खंय जावक येवचा नाय."

आमच्याकडे चारही कोंबड्या. कोंबडा गावीच राहिलेला. त्या अंड्यांवर काळी एकवीस दिवस बसली काय आणि एकवीस महिने बसली काय! हे चौऱ्याऐंशी वर्षं कोंबड्या पाळणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं?

"पण आये," हे म्हणाले, "कोंबडो नसताना..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. पूर्ण वजनानिशी.

"हो आई," मी म्हटलं, "एकवीस दिवस तर लागणारच. जास्तही लागतील."

सासूबाईंनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा पाला सारखा करायला लागल्या.

तिकीट परत करायला हे लंगडतच नाक्यावर गेले.